मॅग्नेटिक सेक्टर मास स्पेक्ट्रोमीटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानांचे अणू) मोजणारी आमची लॅब बघायला कोणी आलं की ठरावीक प्रश्न येतात. काही शाळकरी असतात, काही परीक्षेतले, आणि काहींची उत्तरं मलाही लॅबमध्ये काही वर्षं काढल्यावरच नीट कळली. ती सगळी इथे एकत्र लिहून ठेवतो.

नावातला 'सेक्टर' म्हणजे काय?

वर्तुळाचा तुकडा. भाकरीचा चतकोर डोळ्यांपुढे आणा: ९० अंशांचा सेक्टर तो. चुंबकाची दोन लोखंडी तोंडं वर-खाली असतात, मधल्या फटीतून एक चपटी, वाकवलेली स्टीलची नळी जाते, आणि चुंबकीय क्षेत्र तेवढ्या चतकोरापुरतंच असतं. आत शिरण्याआधी आणि बाहेर पडल्यावर आयन (प्रभार असलेले अणू किंवा रेणू) सरळ रेषेत जातात. वळण तेवढं भाकरीत.

शिकागोत आर्थर डेम्पस्टरने १९१८ मध्ये वापरलेलं यंत्र अर्ध्या भाकरीचं, म्हणजे १८० अंशांचं होतं. त्यात सोर्स (जिथे आयन तयार होतात) आणि कलेक्टर (जिथे ते पकडून मोजतात) दोन्ही चुंबकाच्या पोटातच असायचे, आणि चुंबक अवाढव्य लागायचा. मिनेसोटाच्या आल्फ्रेड नीअरने १९४० मध्ये ६० अंशांचा तुकडा वापरून दाखवला. चुंबक लहान झाला, सोर्स क्षेत्राच्या बाहेर आला आणि यंत्र टेबलाशेजारी मावू लागलं. आज आमच्यासारख्या लॅबमध्ये दिसणारी बरीचशी यंत्रं त्याच घराण्यातली.

हे यंत्र रेणूंचं वजन करतं का?

नाही. ते त्यांना वळवतं आणि कोण किती वळला ते बघतं. घाटातल्या वळणावर रिकामी रिक्षा आणि उसाने भरलेला ट्रक यांची वाट वेगळी पडते, तसं. पण ही उपमा इथेच सोडा, कारण घाटात ड्रायव्हर असतो.

खरं गणित असं. आयनाला विद्युतदाबाने ढकलून वेग दिला जातो. समान प्रभाराच्या सगळ्या आयनांना ऊर्जा सारखीच मिळते, म्हणून हलके पळतात आणि जड रेंगाळतात. मग चुंबकीय क्षेत्र त्यांना गोल वाटेवर घेतं. त्या वाटेची त्रिज्या आयनाच्या संवेगावर, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग यावर ठरते. त्यावरून:

वस्तुमान ÷ प्रभार = (क्षेत्राचा वर्ग × त्रिज्येचा वर्ग) ÷ (२ × विद्युतदाब)

नळी एकदा वाकवून जोडली की त्रिज्या कायमची ठरली. हातात उरतात दोन गोष्टी: क्षेत्र आणि विद्युतदाब. त्यातली एक बदलत गेलात की एकेक वस्तुमान कलेक्टरच्या फटीवर येऊन पडतं.

एखादं उदाहरण आकड्यांत मिळेल का?

मिळेल, आणि ते स्वतः करून बघाच. वस्तुमान आणि व्होल्ट यांचा गुणाकार करा, त्याचं वर्गमूळ काढा, १४४ ने गुणा आणि क्षेत्राच्या गॉसने भागा. त्रिज्या सेंटिमीटरमध्ये मिळते. कार्बन डायऑक्साइडचा आयन घ्या, वस्तुमान ४४, दाब ३,००० व्होल्ट, क्षेत्र ५,२३० गॉस. त्रिज्या आली १० सेंटिमीटर. या आयनाचा वेग सेकंदाला सुमारे ११५ किलोमीटर भरतो. मुंबईहून पुण्याला, कावळ्याच्या वाटेने, सेकंदभरात.

आता ४५ घ्या. यात एक कार्बन-१३ आहे, म्हणजे एक न्यूट्रॉन जास्त. त्रिज्या आली १०.११ सेंटिमीटर. फरक जेमतेम १.१ मिलिमीटर. बाहेर पडून कलेक्टरपर्यंत जाताना सममित मांडणीत तो वाढून सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास होतो. सगळा खेळ या सव्वादोन मिलिमीटरांचा आहे.

जड आयन हळू असतो, म्हणजे तो क्षेत्रात जास्त वेळ राहतो. मग तो जास्त का वळत नाही?

तोंडी परीक्षेत हमखास येणारा प्रश्न, आणि चांगला प्रश्न. उत्तर असं की चुंबकीय बल वेगावरच अवलंबून असतं. आयन हळू, तर त्याला आडवं ढकलणारं बलही कमी. वेळ जास्त मिळाला तरी धक्का त्याच प्रमाणात मंदावतो, त्यामुळे एकाच लांबीच्या वाटेवर आडवा धक्का एकूण तेवढाच बसतो. पण तो झेलणाऱ्या आयनाचा संवेग जास्त असतो: ऊर्जा सारखी असेल तर संवेग वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून जड आयन कमी वळतो. विद्युतक्षेत्रात मात्र असं होत नाही, आणि तो मुद्दा पुढे डबल फोकसिंगमध्ये कामाला येतो.

प्रभार दोन असला तर?

तर यंत्र फसतं, कारण त्याला फक्त गुणोत्तर कळतं. आर्गॉन-४० चे दोन इलेक्ट्रॉन गेले की तो २० वर येऊन बसतो, म्हणजे निऑन-२० च्या डोक्यावर. दोन प्रभारांचा कार्बन डायऑक्साइड २२ वर, म्हणजे निऑन-२२ च्या डोक्यावर. निऑन मोजणाऱ्याच्या नशिबी दोन्ही बाजूंनी पाहुणे.

ही अडचण या शास्त्राच्या जन्मापासूनची आहे. केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांना १९१२ च्या सुमारास निऑनमध्ये २२ ची रेघ दिसली, तेव्हा त्यांनाही आधी हीच शंका आली. त्यांनी वायू द्रव हवेने थंड केलेल्या नळीतून नेला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गोठून मागे राहील. रेघ गेली नाही. स्थिर मूलद्रव्यालाही समस्थानिक, म्हणजे आयसोटोप, असतात याची ती पहिली चाहूल. पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत फ्रान्सिस ॲस्टनने १९१९ मध्ये स्वतःचा स्पेक्ट्रोग्राफ बांधून ते पक्कं केलं, आणि १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं.

आयन तयार कसे होतात?

नमुन्यावर अवलंबून. वायू असेल तर तापलेल्या फिलामेंटमधून निघालेले इलेक्ट्रॉन त्याच्यावर सोडायचे, ऊर्जा बहुधा ७० इलेक्ट्रॉन-व्होल्ट. युरेनियम, शिसं, स्ट्राँशियम असेल तर द्रावणाचा थेंब रेनियमच्या पट्टीवर वाळवायचा आणि पट्टी लालबुंद तापवायची. प्लाझ्माही चालतो. दगडाच्या चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर आयनांचाच मारा करूनही काम होतं. सोर्स बदलला तरी पुढचा चुंबक तोच.

एवढा कडक व्हॅक्यूम कशासाठी?

आयनाने वाटेत कोणाला धडकू नये म्हणून. साध्या हवेत रेणू एका सेंटिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी अंतर जाऊन दुसऱ्याला आदळतो. दाब मिलिबारच्या दहा लाखाव्या भागावर आणला की तेच अंतर साठ मीटरच्या वर जातं. यंत्रातली वाट मीटर-दीड मीटरची, म्हणजे निर्धास्त. प्रत्यक्षात आम्ही आणखी खाली जातो, मिलिबारच्या दहा कोटीव्या भागाच्या आसपास, कारण उरलेली हवा नमुन्यात मिसळते.

सकाळी आल्यावर पहिलं काम बॅकग्राउंड बघण्याचं. १८ वर पाणी, २८ वर नायट्रोजन, ३२ वर ऑक्सिजन, ४० वर आर्गॉन. पावसाळ्यात १८ नेहमीच चढलेला असतो. सोर्स साफ करून परत बसवताना लॅबची दमट हवा आत गेलेली असते आणि स्टील ते पाणी दिवसेंदिवस सोडत राहतं. हीटर गुंडाळून बेकआउट केल्याशिवाय ते निघत नाही. पण २८, ३२ आणि ४० हे तिन्ही हवेतल्या प्रमाणात वर दिसले, तर कुठेतरी लीक आहे.

लीक शोधायची आमची पद्धत जुनीच आहे. चुंबक ४० वर ठेवायचा, आर्गॉनच्या सिलिंडरला बारीक नळी लावायची आणि एकेका जोडावर झुळूक सोडत जायची. पीक, म्हणजे पडद्यावरचा सिग्नलचा उंचवटा, उसळला की जोड सापडला. एकदा मी दोन दिवस फ्लॅंज आवळत बसलो होतो. शेवटी दोष निघाला तो मीच घाईत दुसऱ्यांदा वापरलेल्या तांब्याच्या गॅस्केटमध्ये. गॅस्केट एकदाच वापरायचं असतं, हे मला तोवर फक्त पाठ होतं.

चुंबक फोकसही करतो म्हणतात, ते कसं?

सोर्समधून आयन अगदी एका रेषेत निघत नाहीत, थोडे पसरतात. बाहेरच्या बाजूने गेलेल्या आयनाला क्षेत्रात जास्त लांब वाट कापावी लागते, म्हणून तो जास्त वळतो. आतल्या बाजूचा कमी वळतो. पलीकडे दोघे पुन्हा एका ठिकाणी भेटतात, भिंगातून गेलेल्या किरणांसारखे. सममित सेक्टरमध्ये सोर्सची फट, सेक्टरचं टोक आणि कलेक्टरची फट एका सरळ रेषेत येतात. यंत्र जुळवताना अक्षरशः दोरा ताणून हे बघता येतं.

मग डबल फोकसिंगची गरज काय?

आयन दिशेत पसरतात तसे ऊर्जेतही पसरतात, आणि चुंबक ते पसरणं सावरत नाही. थोडी जास्त ऊर्जा असलेला ४४ हा ४४ पेक्षा जड असल्यासारखा वागतो, पीक रुंदावतो. यावर उपाय म्हणजे चुंबकासोबत एक विद्युत सेक्टर जोडणं: दोन वाकवलेले पत्रे, मधून आयन. तिथली त्रिज्या वस्तुमानावर अवलंबून नसते, फक्त ऊर्जेवर असते. दोन सेक्टर असे जुळवतात की एकाने ऊर्जेमुळे केलेला फाटा दुसरा मिटवतो. १९३४ ची माटाउख-हेर्त्सोग मांडणी आणि १९५३ ची नीअर-जॉन्सन मांडणी ही यातली मोठी नावं.

कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन दोघेही २८ म्हणवतात, पण खरे आकडे २७.९९४९ आणि २८.००६१. ते वेगळे दिसायला सुमारे २,५०० ची विभेदनक्षमता (जवळजवळची वस्तुमानं वेगळी दाखवण्याची क्षमता) लागते. प्लाझ्मा सोर्समध्ये लोह-५६ मोजताना आर्गॉन आणि ऑक्सिजन यांची जोडी नेमकी तिथेच येऊन बसते, तिलाही तेवढीच लागते. पाण्यातले किंवा मातीतले डायॉक्सिन मोजायला रूढ पद्धतीत १०,००० मागतात. हे सगळं फट अरुंद करून मिळतं, आणि फट अरुंद केली की सिग्नल घटतो. फुकटात काही नाही.

सेक्टर यंत्राची खरी ताकद कशात आहे?

माझं स्पष्ट मत सांगतो: विभेदनक्षमतेत नाही. त्यात आता इतर यंत्रं पुढे गेली आहेत. ताकद आहे सपाट माथ्याच्या पीकमध्ये.

कलेक्टरची फट आयनांच्या झोतापेक्षा रुंद ठेवली, तर झोत फटीत शिरताना सिग्नल चढतो, पूर्ण आत आला की काही काळ तसाच राहतो, मग उतरतो. पडद्यावर डोंगराचा सुळका दिसत नाही, सपाट पठार दिसतं. त्या पठारावर उभं राहिलात की क्षेत्र किंवा विद्युतदाब किंचित हलला तरी आकडा हलत नाही. सुळक्याच्या टोकावर उभ्या असलेल्याला ही चैन नाही.

दुसरी गोष्ट, चुंबक सगळ्या वस्तुमानांना एकाच वेळी वेगवेगळ्या वाटांवर पसरवतो. म्हणून ४४, ४५ आणि ४६ साठी तीन कप शेजारी शेजारी ठेवता येतात आणि तिन्ही झोत एकाच क्षणी मोजता येतात. सोर्स थोडा डळमळला तर तिन्ही सारखेच डळमळतात आणि गुणोत्तर शाबूत राहतं. कप म्हणजे फॅराडे कप, एक खोल धातूचा डबा. आयन त्यात पडतो, प्रभार देतो, तो प्रवाह १०० अब्ज ओहमच्या रोधातून जातो. सेकंदाला सव्वासहा कोटी आयन पडले तर एक व्होल्ट मिळतो. यात चलाखी काही नाही, आणि म्हणूनच त्यावर विश्वास ठेवता येतो.

मधातली साखर यावर कशी पकडतात?

मध जाळून त्याचा कार्बन डायऑक्साइड करतात आणि ४५ ला ४४ ने भागतात. ४५ मध्ये ऑक्सिजन-१७ चाही थोडा वाटा असतो, तो ४६ वरून वजा करतात.

ऊस आणि मका प्रकाशसंश्लेषण वेगळ्या मार्गाने करतात, त्यामुळे त्यांच्यात कार्बन-१३ इतर झाडांपेक्षा थोडा जास्त असतो: मानकापेक्षा (तुलनेसाठी ठरवलेल्या नमुन्यापेक्षा) हजारात दहा-बाराच कमी. मधमाश्या ज्या बहुतेक फुलांवर जातात ती झाडं हजारात पंचवीसच्या आसपास कमी असतात. मानकाचं गुणोत्तर (कार्बन-१३ ÷ कार्बन-१२) ०.०१११८. हजारातला एक म्हणजे या आकड्याच्या पाचव्या दशांश स्थळावरचा फरक, आणि यंत्र तो आरामात दाखवतं. मध आणि त्याच मधातून वेगळं काढलेलं प्रथिन यांची तुलना करतात. मध प्रथिनापेक्षा हजारात एकने उसाच्या बाजूला सरकला असेल, तर सुमारे ७ टक्के साखर घातली असं धरतात.

आता उलटी बाजू. तांदूळ हा उसाच्या गटातला नाही, तो फुलझाडांच्याच गटातला आहे. तांदळाचा पाक घातला तर ही चाचणी गप्प बसते. 'आयसोटोप चाचणी पास' एवढंच वाचून मध शुद्ध समजू नका.

सह्याद्रीच्या दगडांचं वय याच यंत्राने काढलं का?

हो, बऱ्याच अंशी. दख्खनच्या बेसाल्टचं वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपास ठरवण्यात आर्गॉन-आर्गॉन पद्धतीचा मोठा वाटा आहे, आणि मुंबईच्या आयआयटीत त्यासाठीची राष्ट्रीय सुविधा आहे. पोटॅशियम-४० चा अर्धायुकाल १२५ कोटी वर्षं, आणि त्याच्यापासून आर्गॉन-४० बनतो. दगडाचा तुकडा आधी अणुभट्टीत ठेवतात, म्हणजे पोटॅशियम-३९ चा काही भाग आर्गॉन-३९ होतो. मग दगड टप्प्याटप्प्याने तापवायचा आणि ४० व ३९ यांचं गुणोत्तर काढायचं. पोटॅशियम आणि आर्गॉन वेगवेगळे मोजायची कटकटच नाही.

इथे पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून मोजतात. वायू इतका थोडा असतो की पंपाने ओढून घेतला तर मोजायला काही उरणार नाही. बंद डब्यात तेच अणू फिरत राहतात, आणि भिंतींतून बाहेर येणारा जुना आर्गॉनही त्यात मिसळत राहतो. म्हणून आकडे वेळेनुसार मागे नेऊन शून्य मिनिटाला किती होतं ते काढावं लागतं. शिवाय हवेत जवळपास एक टक्का आर्गॉन, तोही बहुतेक ४० च. बारीकशी लीक असली तर दगड म्हातारा दिसू लागतो.

या यंत्राचा अणुबॉम्बशी संबंध आहे हे खरं?

खरं. १९४० मध्ये नीअरने आपल्या यंत्रात युरेनियम-२३५ अत्यल्प प्रमाणात वेगळा केला आणि तो नमुना पत्राला चिकटवून पोस्टाने कोलंबिया विद्यापीठाला पाठवला. मंद न्यूट्रॉनने विखंडन पावतो तो २३५ च, हे त्यावरून सिद्ध झालं. पुढे अमेरिकेतल्या ओक रिजला हेच तत्त्व कारखान्याच्या मापाने वापरलं गेलं. त्या यंत्रांना कॅल्युट्रॉन म्हणत. युद्धात तांब्याची टंचाई होती, म्हणून चुंबकांच्या वेटोळ्यांसाठी अमेरिकेच्या खजिन्यातून हजारो टन चांदी उसनी आणली होती.

त्याच प्रकल्पातून आलेली एक निरुपद्रवी वस्तू म्हणजे हिलियम लीक डिटेक्टर. तो छोटासा मॅग्नेटिक सेक्टरच आहे, कायमचुंबक बसवलेला आणि वस्तुमान ४ वर जुळवलेला. एसीची कॉइल गळते का हे तपासणाऱ्या कितीतरी कामगारांनी सेक्टर यंत्र रोज वापरलेलं असतं, फक्त त्यांना कोणी तसं सांगितलेलं नसतं.

क्वाड्रुपोल स्वस्त आणि लहान असताना सेक्टर कोण घेतं?

क्वाड्रुपोल म्हणजे चुंबकाऐवजी चार दांड्यांमधल्या विद्युतक्षेत्राने वस्तुमानं निवडणारं यंत्र. सेक्टर घेतो तो गुणोत्तर नेमकं हवं असणारा. बाकीच्यांनी क्वाड्रुपोलच घ्यावा, उगाच हौस करू नये. चुंबकाचं लोखंड जड, महाग आणि आळशी असतं. क्षेत्र झटकन बदलत नाही. मंगळयानावरचं मास स्पेक्ट्रोमीटर क्वाड्रुपोल होतं, वजनाचा हिशेब बघता ते बरोबरच. रोझेटा यानावर मात्र डबल फोकसिंग सेक्टर गेला, आणि त्याने ६७पी धूमकेतूच्या वायूत रेण्वीय ऑक्सिजन आणि ग्लायसीन दाखवलं.

घड्याळ, मोबाइल, एटीएम कार्ड जवळ नेलं तर?

चुंबकाच्या तोंडाजवळ नेऊ नका. पेसमेकर असेल तर चुंबकाजवळ जाऊच नका. सोर्सवर हजारो व्होल्ट असतात, झाकण उघडण्याआधी बंद करा आणि मिनिटभर थांबा.

वीज गेली आणि परत आली. पीक जागेवर नाही. काय बिघडलं?

बहुधा काहीच नाही. लोखंडाला आठवण असते. त्याच विद्युतप्रवाहाला क्षेत्र किती मिळणार हे चुंबक वरून खाली आणला की खालून वर नेला यावर ठरतं. आधी व्हॅक्यूम परत आला का बघा, मगच फिलामेंट लावा. मग चुंबक शून्यापासून कमालपर्यंत आणि परत, असा तीन-चार वेळा फिरवा आणि शेवटी ज्या बाजूने नेहमी येता त्याच बाजूने ४४ वर या. एसी बंद पडून खोली तापली असेल तर ती आधी थंड होऊ द्या, कारण क्षेत्र मोजणारा हॉल प्रोबही तापमानाने सरकतो. एवढं करूनही पीक पठारावर आला नाही, तर स्क्रू फिरवायला घेण्याआधी चुंबकाजवळ कोणी लोखंडी स्टूल सरकवून ठेवलंय का ते बघा. आमच्याकडे दोनदा तेच निघालं.